दुसरी आत्या

"माळ जरा वर बांधा, गोजरबाई. पोरगी हात घालंल अन् फुलं तोंडात कोंबंल."

"कोंबू द्या की, वहिनी. तिच्या बारशाची फुलं तिनं न्हाई खायची तर कोणी खायची?"

गोजरबाई चौरंगावर उभी राहून पाळण्याच्या दोरीला झेंडू गुंडाळत होती. खाली तिची थोरली भावजय द्वारकाबाई हरभऱ्याच्या घुगऱ्या परातीत पसरून निवत ठेवत होती. भाऊबीजेची सकाळ होती. अंगणात पाडव्याचे शेणाचे पांडव अजून मांडलेले होते आणि त्यांच्या डोक्यावरची फुलं कोंबड्यांनी निम्मी उचकून टाकली होती. घरभर तळणाचा वास होता.

गोजरबाई काल हट्ट्याहून आली. वसमतला आगगाडीत बसली, हिंगोलीला उतरली आणि तिथून धाकट्या भावाच्या, संतरामच्या छकड्यातून दिवेलागणीला नरसीत शिरली. दोन सालं झाली होती तिला माहेराला येऊन. मागच्या दिवाळीला तर दारात पणती ठेवायची कुणाची छाती नव्हती. रझाकारांच्या धास्तीनं गावंच्या गावं दिवस मावळायच्या आत कवाडं लावून बसायची. तशातच शिमग्यात तिची आई गेली. रस्ते बंद होते. गोजरबाईला निरोप मिळाला तो आईचा दिवस होऊन गेल्यावर. आता भाद्रपदात निजामाचं राज्य गेलं आणि या दिवाळीला नरसीच्या लोकांनी दोन सालांचे दिवे एकदमच लावले.

"पारवती," गोजरबाई चौरंगावरून उतरत म्हणाली. "आईचं नाव. मी रस्त्यानं तेच घोकत आले बघा. आईच्या तोंडात पाणी घालायला मिळालं न्हाई मला. निदान तिचं नाव तरी माझ्या तोंडून या घरात परत येऊ दे."

द्वारकाबाईनं डोळ्याला पदर लावला. "तुमचाच मान हाय. आत्यानंच नाव ठेवायचं."

धाकटी भावजय सुमन भिंतीला टेकून बसली होती. मांडीवर सहा महिन्यांची पोर. पितळेच्या बोंडल्यानं ती तिला गाईचं दूध पाजत होती. पोरगी दोन घोट घ्यायची, तिसरा फुर्रकन उडवायची आणि बोंडलं हातानं लोटून द्यायची.

या पोरीचं बारसं राहिलं होतं ते असं. वैशाखात गावात राहणं धोक्याचं झालं, तेव्हा संतराम दिवस भरलेल्या बायकोला घेऊन वऱ्हाडात तिच्या माहेरी निघाला. पैनगंगा ओलांडली की मुलूख वेगळा, तिथं भीती नव्हती. पण नदीच्या अलीकडंच, एका बंजाऱ्यांच्या तांड्याजवळ सुमनला कळा सुरू झाल्या. पोर तांड्यावरच झाली. सुमनला तापानं असं धरलं की पुढं नेता येईना. संतराम नदीपलीकडच्या लढणाऱ्यांच्या कॅम्पात गेला आणि मायलेकी तांड्यावरच राहिल्या, थेट राज्य बदलेपर्यंत. पाळणा न्हाई, घर न्हाई, आत्या न्हाई. मग बारसं कसलं?

"वन्सं," सुमन हळूच म्हणाली, "आज आनखी पाव्हणे येनार हायत. तांड्यावरचे. नेमसिंग अन् त्यांची नर्मदाबाई. यांनी हिंगोलीच्या बाजारात निरोप दिलाय."

"येऊ दे की," द्वारकाबाई म्हणाली. "इतकं केलं त्यांनी. ओसरीवर पोटभर जेवू घालू, लुगडं नेसवू."

"तसं न्हाई, अक्का." सुमननं बोंडलं खाली ठेवलं. "मला वाटतंय... नाव नर्मदाबाईनं ठेवावं."

गोजरबाईच्या हातातला उरलेला झेंडू तसाच राहिला.

"काय म्हनलीस?"

"वन्सं, तुमी राग धरू नका—"

"राग कशाला धरू? मी कोण लागते? गाडीत बसून आलेली पाव्हणी!" गोजरबाईनं झेंडू परातीशेजारी आपटला आणि ती तरातरा गोठ्याकडं निघाली.

तिचा थोरला भाऊ दगडोबा बैलांच्या शिंगांना तांबडा हुरमूज लावत होता. संतराम कासरा धरून उभा होता. बहीण अशी चालत आली की काय होतं, ते दोघांनाही लहानपणापासून माहीत होतं. बैलसुद्धा जरा मागं सरला.

"दादा, या घरात आत्या कोण हाय ते एकदा सांग मला."

"तू. आनखी कोण?"

"मग तुझ्या धाकट्या भावजयीला सांग. तिला तांड्यावरची बाई पायजे नाव ठेवायला."

दगडोबानं संतरामकडं बघितलं. संतरामनं बैलाकडं बघितलं.

"संतू, तुला ठाऊक होतं?"

"व्हय, दादा."

दगडोबा हात पुसत उंबऱ्यावर बसला. सगळे पळाले तेव्हा तो मागं राहिला होता. तो आणि द्वारका. आधी आजारी आईला हलवता येत नव्हतं. ती गेल्यावर घर, जनावरं, शेत सोडवेना. कितीतरी संध्याकाळी त्यानं दाराला आडणा घालून रस्त्यावरच्या पावलांचे आवाज ऐकले होते. आता कुठं घरात माणसं आली होती, पाळणा बांधला होता. हा दिवस विनातकलीफ, रीतीप्रमाणं जावा, एवढंच त्याला हवं होतं.

"नाव गोजरच ठेवंल," तो म्हणाला. "त्या लोकांचे उपकार मी न्हाई म्हणत न्हाई. त्यांना वाट्टंल तो आहेर कर. पण माजघरात, पाळण्यापाशी, सगळ्या भावकीसमोर तांड्यावरची बाई बसवायची? लोक काय म्हणतील?"

"दादा, ती न्हाई तर पाळणाच रिकामा राहिला असता."

"मंजूर हाय. म्हणून रीत बदलून राहिले काय तुमी?"

"बराबर बोलला दादा," गोजरबाई म्हणाली. पण ती जिंकली तरी तिच्या तोंडाची चव गेली होती.

संतरामला आणखी बोलायचं होतं. तेवढ्यात रस्त्याच्या अंगानं बांगड्यांचा आणि घुंगरांचा असा खणखणाट आला की शेजारची पोरं दारात धावली. लाल मुंडासं बांधलेला नेमसिंग पुढं होता, खांद्यावर गाठोडं. त्याच्यामागं नर्मदाबाई. आरशांनी चमचमणारी काचोळी, दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या, डोक्यावरून जाड भरजरी ओढणी आणि कडेवर वर्षाचा अमरसिंग. दिवाळीची म्हणून दोघं सगळं लेवून नेसून आली होती.

"राम राम, भाऊ!" नेमसिंग लांबूनच ओरडला.

"राम राम," दगडोबा उठून म्हणाला. "बसा. ओसरीवर बसा."

सुमन आतून ओसरीच्या दाराशी आली आणि उंबऱ्यातच थांबली.

तिला हे लोक हवे होते. महिनाभर ती त्यांची वाट पाहत होती. पण एक गोष्ट तिनं या घरात कुणालाच सांगितली नव्हती, संतरामलासुद्धा अर्धीच. द्वारकाबाईनं पहिल्या दिवशी विचारलं होतं, तापात तुझं दूध आटलं तर लेकरू जगलं कशावर? आणि सुमननं सांगितलं होतं, शेळीच्या दुधावर.

पोरीनं नर्मदाबाईला बघितलं.

आधी ती गप्पच झाली. मग तिनं दोन्ही हात पुढं टाकले, पाय झाडले आणि असा काही आवाज काढला की शेजारून घुगऱ्या खायला आलेल्या बायका हसायला लागल्या. नर्मदाबाईनं अमरसिंगला नवऱ्याकडं दिलं. तिनं पोर घेतली न घेतली तोच पोरगी तिच्या काचोळीला धरून, मान इकडंतिकडं फिरवत, तोंडानं दूध शोधायला लागली. सवयीचं घर शोधावं तशी.

बायकांचं हसू थांबलं.

"शेळीचं दूध म्हनली होतीस ना, सुमन?" द्वारकाबाई म्हणाली.

सुमननं नजर खाली वळवली.

नर्मदाबाईला सगळं कळलं. तिनं ओढणीचा पदर ओढून घेतला, पोरीचे हात हळूच सोडवले आणि तिला परत सुमनकडं धरलं. पोरगी रडायला लागली. टाहो फोडून रडायला लागली.

"आमी निघतो, बाई," नर्मदाबाई म्हणाली. "लेकरू बघायचं होतं. बघितलं. बाळसं धरलंय, चांगलं हाय." तिनं नेमसिंगला डोळ्यानं खुणावलं. "गाठोडं ठेव तिथं. टोपडं हाय त्याच्यात, कवड्याचं."

ओसरीवर दगडोबा मान खाली घालून उभा होता. भावकीतले दोघं-तिघं येऊन बसले होते, तेही एकमेकांच्या तोंडाकडं बघत होते.

या घरात येऊन सुमनला पाच वर्षं झाली होती. या पाच वर्षांत ती आपल्या भासऱ्यासमोर, थोरल्या दिरासमोर कधी उभी राहिली नव्हती, त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती. सांगायचं ते द्वारकाबाईच्या तोंडून सांगायची. आता ती रडतं लेकरू छातीशी धरून दोन पावलं पुढं आली. पदर डोक्यावर होता, पण मान वर होती.

"दादा, मी सांगते. मला कशाचं भान नव्हतं. माझ्या अंगात थेंब उरला नव्हता. हिनं पदराखाली एकीकडं आपलं पोरगं धरलं अन् एकीकडं माझं. किती येळा आपल्या पोराला रडत ठेवून माझ्या लेकीला आधी घेतलं, ते मला शुद्धीवर आल्यावर दुसऱ्या बायांनी सांगितलं. तुमाला रीत मोडलेली चालत नसंल तर नाव ठेवू नका. पण माझ्या लेकीच्या आईला ओसरीवरनं माघारी पाठवू नका."

लेकरू रडतच होतं.

मग द्वारकाबाई पुढं झाली. सुमनला वाटलं, आता आपल्याला बोल लागणार. पण द्वारकाबाई नवऱ्याकडं वळली.

"अहो, ऐका. आपून इथं दार लावून बसलो होतो, तवा मी रोज देवापुढं काय मागत होते? ते लेकरू जगू दे, एवढंच ना? कोणाच्या घरचं दूध पाज, हे मी देवाला सांगितलं नव्हतं. त्यानं पाजलं. आता मी इचारनार न्हाई." ती नर्मदाबाईकडं वळली. "माय, आत चल. पोरगी रडून रडून निळी होऊन राहिली. घे तिला आधी."

गोजरबाई माजघराच्या दाराला टेकून हे सगळं बघत होती. नर्मदाबाई पाळण्याशेजारी घोंगडीवर बसली, ओढणी पुढं घेतली आणि पोरीचं रडणं कात्रीनं कापल्यासारखं थांबलं. नुसता चुटुचुटु आवाज यायला लागला. अमरसिंग रांगत येऊन आईच्या गुडघ्याला धरून उभा राहिला. पदराखाली दुसरंच कोणी आहे, याचं त्याला काही नवल वाटलं नाही. त्यानं फक्त हात घालून पोरीचं जावळ ओढलं.

गोजरबाईला राग धरून ठेवायचा होता. तो मुठीतून पाणी निसटावं तसा निसटून चालला होता.

ती समोर येऊन बसली.

"लई त्रास झाला असंल तुला. दोन लेकरं."

"त्रास कशाचा? भूक लई लागायची," नर्मदाबाई हसून म्हणाली. "हा माझा नवरा सारखा भाकरीच बडवत होता. तांड्यातले लोक हसायचे त्याला."

बाहेरून नेमसिंग म्हणाला, "खोटं न्हाई. अजून हात दुखून राहिले."

ओसरीवरचे लोक मोकळे हसले. दगडोबाच्याही मिशा हलल्या.

"सुमनला वाटतं, पोरगी मला जास्त ओळखते," नर्मदाबाई आवाज उतरवून म्हणाली. "तसं न्हाई. दूध माझं प्यायची, पण झोपायची हिचं बोट धरून. हिला तापात काही समजत नव्हतं, तरी पोरगी तेच बोट शोधायची. मी सोडवायला गेले तर सोडायची न्हाई."

सुमन हे पहिल्यांदाच ऐकत होती. तिनं नर्मदाबाईच्या ओढणीखाली हात घातला. पोरीनं दूध पिता पिता तिचं बोट धरलं. सुमन पदरात तोंड घालून रडली, आणि द्वारकाबाईनं तिला रडू दिलं.

"नावाचं मला काही माहीत नव्हतं बाई," नर्मदाबाई गोजरबाईला म्हणाली. "तुमचा मान तुमीच घ्या. आमी हिला झमकू म्हणायचो. पाय झाडत राहते म्हणून. ते काही खरं नाव न्हाई."

"माझ्या आईचं नाव ठेवनार हाय मी. पारवती." गोजरबाईनं पाळण्याची दोरी धरली. "ती गेली तवा मला येता आलं न्हाई."

"मला बी आई न्हाई. आमी आईला याडी म्हणतो. माझी याडी मी झमकूएवढी असताना गेली. मला तांड्यातल्या बायांनीच पाजलंय."

गोजरबाई जरा पुढं सरकली. मग तिनं विचारलं, "भाऊ किती तुला?"

"एक बी न्हाई. आमच्यात दिवाळीला पोरी हातात दिवा घेऊन घरोघर जातात, सगळ्या तांड्याला ओवाळतात. लगीन व्हायच्या आधी मी बी जायची. पण घरचा भाऊ म्हणून न्हाई कोणी."

गोजरबाई उठली. गुडघ्यावर हात ठेवून, जरा कण्हतच उठली, आणि गोठ्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली.

"संतू! ये, पाटावर बस. वहिनी, तबक आणा. दोन निरांजनं लावा."

"दोन कशाला?" द्वारकाबाई म्हणाली.

"दोन बहिणी हायत म्हणून. दादा, तू तिथं काय खांब धरून उभा राहिला? रीत पायजे ना तुला? मग रीतीनंच करते. ही आधी माझ्या भावाला ओवाळंल. भावाला ओवाळलं की ती बहीण झाली. भावाची बहीण झाली की पोरीची आत्या झाली. आता सांग, आत्यानं नाव ठेवलं तर तुझी कोणती रीत मोडते?"

भावकीतला एक म्हातारा खोकत म्हणाला, "दगडोबा, पोरीनं पकडलं तुला. आता गप बस."

दगडोबानं डोक्यावरचा पटका नीट केला. तो चालत माजघरात आला, संतराम बसायच्या आधी स्वतःच पाटावर बसला आणि म्हणाला, "थोरला मी हाय. आधी मला."

नर्मदाबाईनं तबक हातात घेतलं. बांगड्या वाजत होत्या. तिला आपल्या पद्धतीचं येत होतं, या घरचं येत नव्हतं. गोजरबाईनं तिचा कोपर धरून तिला दाखवलं. आधी कुंकू, मग अक्षता, मग सुपारी. निरांजनाचा उजेड काचोळीच्या आरशांवर पडला आणि माजघराच्या भिंतीवर ठिपके नाचायला लागले. पाळण्यातली पोर ते धरायला हात उडवू लागली.

मग बारसं झालं. दोघी आत्या पाळण्याच्या दोन बाजूंना वाकल्या. गोजरबाईनं एका कानात "पारवती" म्हटलं. नर्मदाबाईनं दुसऱ्या कानात काय म्हटलं ते कुणाला ऐकू आलं नाही, पण पोरगी खदखदून हसली, म्हणजे झमकूच असणार. "कुर्रर्र" म्हणून जमलेल्या बायकांनी दोघींच्या पाठीत धपाधप बुक्क्या घातल्या. नर्मदाबाईला ही रीत कुणी सांगितली नव्हती. ती दचकून ओरडली, "अगं, मारून काहून राहिल्या मला?" त्यावर असा हशा पिकला की नेमसिंग घाबरून आत डोकावला.

पंगतीला दगडोबानं नेमसिंगला आपल्या शेजारी बसवलं. भावकीतला म्हातारा दुसऱ्या बाजूला बसला आणि नेमसिंगला करंज्यांचा आग्रह करत राहिला.

उन्हं कलल्यावर पाव्हणे निघाले. दगडोबानं ओवाळणी अजून घातली नव्हती. तो गोठ्यात गेला आणि नुकती व्यालेली तांबडी गाय सोडून घेऊन आला. मागं वासरू उड्या मारत होतं.

नर्मदाबाई मागं सरली. "न्हाई भाऊ. दुधाची फेड करता काय?"

दगडोबाला बोलायला जड गेलं. आयुष्यभर तो असलं काही बोलला नव्हता.

"फेड न्हाई," तो म्हणाला. "भाऊबीज हाय. बहीण माहेराहून रिकामी जात न्हाई."

नर्मदाबाईनं त्याच्याकडं बघितलं, मग कासरा हातात घेतला. "मग नेते. माहेरची गाय म्हणून नेते."

"बघा हे!" गोजरबाई कंबरेवर हात ठेवून म्हणाली. "इतकी सालं ओवाळते मी याला. लुगड्याच्या वर कधी गेला न्हाई. अन् हिला पहिल्या सालीच गाय! दादा, याद राख."

"तुला बैल देतो," दगडोबा म्हणाला. "तुझ्यासारखाच, ढुसण्या देनारा." आणि तो मोठ्यानं हसला. आई गेल्यापासून घरातल्या कुणी त्याला असं हसताना ऐकलं नव्हतं. द्वारकाबाई त्याच्या तोंडाकडं बघतच राहिली.

सगळे वेशीपर्यंत पोचवायला गेले. सुमनच्या कडेवर पारवती झोपली होती, आईचं बोट मुठीत धरून. दोन्ही बाजूंनी ज्वारी पुरुषभर उभी होती. नेमसिंग अमरसिंगला खांद्यावर घेऊन पुढं चालत होता. गाय दोनदा मागं वळून हंबरली आणि मग वासराबरोबर चालायला लागली. वळणावर नर्मदाबाई थांबली. तिनं ओढणीचा पदर डोळ्यांना लावला.

"नागपंचमीला ये गं!" गोजरबाई ओरडली. "मी बी येते!"

"न्यायला कोण येनार?" नर्मदाबाईनं तिकडून विचारलं.

गोजरबाईनं संतरामकडं बघितलं. संतराम तोंड उघडणार, तोच त्याच्या मागून आवाज आला.

"मी येतो," दगडोबा म्हणाला. तिला ऐकू गेलं नसेल असं वाटून तो रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि पुन्हा ओरडला, "मी येतो न्यायला!"